ज्वालासुर आणि पुरेनंतरचा चमचा

माझ्या वडिलांना राक्षस करायची कल्पना अप्पांची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यानंतर गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ती कल्पना मुळात आपली असल्याचं सांगायला सुरुवात केली आणि उरलेल्या निम्म्यांनी आपण तेव्हाच नको म्हणत होतो, असं. अप्पा आमचे शेजारी. पोस्टात होते. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारून त्यांचा जीव उबगायचा आणि ते संध्याकाळी नाटकं लिहायचे. मंडईच्या मागे आमची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा गणपती आणि गणपतीसमोर दरवर्षी जिवंत देखावा. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: जिवंत देखावा म्हणजे नाटकच, पण संवाद आधीच कॅसेटवर भरून ठेवलेले. नटांनी फक्त हातवारे करायचे आणि तोंड हलवायचं. आवाज लाऊडस्पीकरमधून. संध्याकाळभर तोच खेळ पुन्हा पुन्हा, गर्दी पुढे सरकली की नवा. त्यामुळे गल्लीत ज्याचा आवाज चांगला त्याचं अंग कधी दिसत नसे आणि ज्याचं अंग दिसे त्याचा आवाज कधी ऐकू येत नसे. ही व्यवस्था लक्षात ठेवा. सगळी भानगड तिथेच झाली.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. सकाळी जाग यायची ती मंडईत उतरणाऱ्या पाट्यांच्या आवाजाने, आणि त्या आवाजावर कांद्याचा लिलाव पुकारणारे ढमालेमामा. त्यांचा आवाज इतका दणदणीत की आमच्या गॅलरीतली तुळससुद्धा हलते, असं आई म्हणायची. त्या सगळ्या गलक्यात आमच्या घरात आवाज असा नव्हताच. आईचं शिवणाचं मशीन, कुकरची शिट्टी, आणि बाबा. बाबा बोलले तरी ते बोलले हे कळायला मान वर करावी लागे. गॅलरीत येणाऱ्या मांजरालासुद्धा ते ‘अहो, जरा सरकता का’ म्हणत. मी स्वतः तेव्हा फारसं बोलत नसे. आता मला थांबवावं लागतं हे माझ्या घरचे तुम्हाला सांगतीलच, पण त्या वयात शाळेतल्या बाईंना माझा आवाज कसा आहे हे वर्ष संपत आलं तरी नक्की माहीत नव्हतं.

बाबांची एकच हौस होती, वाढण्याची. आई स्वयंपाक करायची, पण पंगतीत वाढायचे बाबा. गवारीची भाजी, लसणीचं तिखट, वरण आणि शेवटी भातावर तूप. आग्रहाचं माप त्यांचं ठरलेलं. आपण ‘पुरे’ म्हटलं की बाबा हसायचे, मान डोलवायचे आणि एक चमचा आणखी घालायचे. पुरेच्या आधी थांबायचे नाहीत आणि पुरेनंतरच्या एका चमच्याच्या पुढे जायचे नाहीत. पाहुण्यांना गंमत वाटे. आई मात्र कधी ‘पुरे’ म्हणायची नाही. ती मुकाट्याने ताटावर हात आडवा धरायची. मग बाबांचा चमचा तिच्या हाताशी येऊन थांबायचा. मी एकदा तिला विचारलं, तू पुरे का म्हणत नाहीस. ती म्हणाली, “यांना पुरे म्हटलं की आणखी एक पडतं. हात धरला की नाही पडत.” एवढंच. मला ते जेवणाबद्दल वाटलं.

बाबा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्या काळी डॉक्टर औषधाची चिठ्ठी आतल्या खिडकीतून सरकवायचे आणि कंपाउंडर लाल-गुलाबी मिश्रण बाटलीत भरून, कागदाची पट्टी कात्रीने खाचा पाडून बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. मग वर बूच, आणि बूच अंगठ्याने दाबून बसवायचं. वर्षानुवर्षं बुचं दाबून बाबांचा उजवा अंगठा पसरट झाला होता, लहानशा पळीसारखा. सुट्टीच्या दिवसांत दुपारी त्यांचा डबा मी घेऊन जायची. अशाच एका दुपारी मी दवाखान्यात शिरले तेव्हा बाबा काउंटरच्या बाहेर, बाकावर बसलेल्या पेशंटांसमोर उभे होते. पट्टीला एक खाच जास्त पडली होती. डॉक्टर आपल्या खुर्चीतून न उठता, अगदी हळू आणि स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाले, “दामले, डोकं हलवून घ्या. काही असलंच तर तळाशी बसलं असेल.” बाकावरचे सगळे हसले. हसणारच, त्यांना अजून इंजेक्शनं घ्यायची होती. बाबाही हसले. मग काउंटरमागे जाऊन त्यांनी नवी पट्टी कापली, चिकटवली, बूच लावलं आणि अंगठ्याने दाबलं. बूच आत गेलं. आत म्हणजे पार आत, बाटलीच्या गळ्यातून खाली, औषधात. ते गुलाबी पाण्यात गटांगळ्या खाताना मी पाहिलं. बाबांनी ती बाटली शांतपणे मोरीत ओतली आणि दुसरी भरायला घेतली. संध्याकाळी येताना त्यांनी मला मंडईतून पेरू घेऊन दिला, चिरून, तिखटमीठ लावून. मी ज्या घाबरण्याची गोष्ट सांगते आहे ते घाबरणं राक्षसाच्या मुखवट्यापासून सुरू होत नाही. ते त्या बुचापासून सुरू होतं.

त्या वर्षी अप्पांनी पुराणाला सुट्टी दिली आणि आधुनिक विषय घेतला. एक शांताराम नावाचा कारकून. भला, भित्रा. पण अन्याय दिसला की त्याच्या पोटात जाळ पेटतो आणि तो ज्वालासुर होतो, काळाबाजारवाल्याला उचलून आपटतो. इथवर सगळं छान. मात्र अप्पा हाडाचे नाटककार. त्यांनी ठरवलं की ज्वालासुराला मर्यादा हवी. तो बोलावून येत नाही आणि काम झालं म्हणून जातही नाही. दुष्टांना संपवून तो भल्यांकडेही वळतो, आणि त्या अवस्थेत तो जगात एकाच माणसाला ओळखतो, एका लहान मुलीला. ती म्हणते, शांत हो ज्वालासुरा, आणि तो पुन्हा शांताराम होतो. मर्यादा नसेल तर देखावा संपणार कसा, असं अप्पांचं म्हणणं. ज्वालासुराचा आवाज ढमालेमामांचा, यावर दुमत नव्हतंच. मुलीचा आवाज अप्पांच्या पुतणीचा, तिला वक्तृत्वाची बक्षिसं होती. तोंड हलवायला मी, कारण मी उचलायला हलकी होते. आणि अंग बाबांचं, कारण त्यांना नाही म्हणता येत नसे आणि अप्पांच्या मते तीच त्यातली गंमत. “दामल्यांना राक्षस केलं की लोक आधीच हसतील,” ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला सांगत होते, “ज्या माणसाला राग म्हणून येत नाही...”

“येतो,” आई पोळी लाटत म्हणाली. “भरून ठेवतात. वर बूच.”

अप्पांना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी ते देखाव्यात घेतलं.

गॅलरीत आम्हा मुलांची रोज परिषद भरायची. तिसऱ्या मजल्यावरचा पक्या तिचा अध्यक्ष. ज्वालासुर झाल्यावर शांतारामचा चष्मा कुठे जातो? शांताराम जेवलेला असेल तर राक्षसाला भूक लागते का? शांतारामला पडसं असेल तर राक्षस शिंकतो का? त्याला पाढे येतात का? पाढ्यांवर खूप भांडण झालं. पक्या म्हणाला, नाही येत, कारण राक्षस म्हणजे दुसराच कुणीतरी, तो शांतारामच्या अंगात येतो तेव्हा शांताराम झोपलेला असतो. मग तो त्याच्या नेहमीच्या डॉक्टरी थाटात माझ्याकडे वळून म्हणाला, “पण शमे, जाताना तो सगळाच्या सगळा जात नाही. प्रत्येक वेळी थोडा मागे राहतो. शाईच्या डागासारखा. धुतलं तरी.” बाकीची मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळली, राक्षसाला बसचं तिकीट एक पडतं की दोन. माझ्यापुढे मात्र एकच हिशेब उभा राहिला. संध्याकाळी किती खेळ होतात, गणपती किती दिवस असतो, आणि इतक्या वेळा राक्षस होऊन झाल्यावर माझ्या बाबांमधला बाबा शेवटी किती उरेल.

तेव्हापासून आजवर असे बरेच नायक पाहिले मी. आता तर माझा मुलगा मला मुद्दाम घेऊन जातो, मोठ्या पडद्यावर, आवाज छातीत घुसतो असल्या ठिकाणी. त्या सगळ्यांच्यात मला एक सोय दिसते. राक्षस येतो, मोडतोड करतो, जातो. मग भला माणूस फाटक्या कपड्यांत जागा होतो आणि विचारतो, मी काय केलं? त्याला काही आठवत नसतं. किती बरं असतं ते. पाहणाऱ्यांनाही बरं. माझा मुलगा म्हणतो, आई, तू सिनेमात मध्येच हसतेस का? मी हसत नाही. माझ्या घशातून तसा आवाज येतो.

मुखवटा आईनेच केला, कागदाच्या लगद्याचा. लाल तोंड, नारळाच्या करवंटीचे सुळे, काथ्याचे केस. अंगरखा काळ्या गोणपाटाचा. नखं तुपाच्या डब्याच्या पत्र्याची, पण उजवा अंगठा तिने मोकळा ठेवला, गदा धरता यावी म्हणून. हा सगळा ज्वालासुर आमच्या दाराआड खुंटीला टांगलेला असायचा. दिवसा मी त्याच्याकडे पाठ करून अभ्यास करायची आणि मग पाठीला काहीतरी होतंय असं वाटून वळून बघायची. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. भोकांतून मागचं दार दिसे, दाराचा हिरवा रंग. ते हिरवे डोळे मला सहन होत नसत. मी आईला म्हटलं, त्याच्यावर टॉवेल टाक. तिने टाकला. टॉवेलखाली सुळे उठून दिसायला लागले, ते आणखीच वाईट.

तालमीहून आम्ही परत येत असू तेव्हा जिन्यात मी बाबांची परीक्षा घ्यायची. “बाबा, तेरा साते?” बाबा म्हणायचे, एक्क्याण्णव. राक्षसाला पाढे येत नाहीत हे पक्याने सिद्ध केलेलंच होतं, तेव्हा हा माणूस बाबाच. त्यांना वाटायचं माझा पाढा कच्चा आहे. ते पुढचा सगळा म्हणून दाखवायचे, पायरीगणिक एक, आणि मी त्यांचं बोट धरून चढायची. पण पसरट अंगठा मात्र धरायची नाही.

पहिले दिवस छान गेले. धुपाचा धूर सोडायचे, लाल दिवा लागायचा, कुणीतरी पत्रा हलवून गडगडाट करायचा. त्या धुरात बाबा गवताच्या गंजीमागे शांतारामचा चष्मा उतरवून मुखवटा चढवायचे आणि उडी मारून पुढे यायचे. ढमालेमामा स्पीकरमधून गर्जायचे. बायका लहान पोरांचे डोळे झाकायच्या. मग मी पुढे व्हायची, तोंड हलवायची, अप्पांची पुतणी लाऊडस्पीकरमधून घंटेसारख्या आवाजात शांत हो म्हणायची, आणि राक्षस गुडघ्यावर बसायचा. मुखवट्याच्या भोकांतून तेव्हा बाबांचे डोळे दिसत. ते डोळे मिचकावायचे माझ्याकडे बघून. तेवढ्या मिचकावण्यावर मी पुढचा खेळ काढायची.

मग एका संध्याकाळी आरतीला प्रमुख पाहुणे म्हणून डॉक्टर आले.

त्यांच्यासाठी कुणाच्या तरी घरचा सोफा आणून पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवला होता, रंगमंचापासून दोन हातांवर. रंगमंच म्हणजे लाकडी चौरंगांवर टाकलेल्या फळ्या, माझ्या गुडघ्याएवढ्या उंच. आरती झाली, नारळ-शाल झाली आणि अप्पांनी उत्साहात बाबांना गोणपाटाच्या अंगरख्यासकट पाहुण्यांसमोर आणलं. डॉक्टरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. डॉक्टर काहीतरी बोलणार हे सगळ्यांना माहीत होतं. “राक्षस?” ते म्हणाले. “अहो दामले, तुमच्याच्यानं झुरळ मरत नाही. हलवून घ्या जरा. राक्षस तळाशी बसला असेल.” गल्लीभर हशा. बाबा हसले. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा तर्जनीच्या पेरावर दाबला जात होता, जिथे एरवी बूच असतं.

खेळ सुरू झाला. धूर, लाल दिवा, गडगडाट. बाबा उडी मारून पुढे आले, हात वर. स्पीकरमधून ढमालेमामांनी ‘मी’ एवढंच म्हटलं आणि आवाज खेचल्यासारखा लांबत लांबत बसला. कॅसेट अडकली. पडद्याआड यंत्रावर बसलेला मुलगा टेपचा गुंता बाहेर काढून पेन्सिल शोधायला लागला हे मला कडेला उभं राहून दिसत होतं. रंगमंचावर लाल उजेडात ज्वालासुर उभा होता, हात वर, आणि जगात कसलाही आवाज नव्हता. आता काय करायचं हे त्याला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्याने हात खाली घेतले. गदा फळीवर ठेवली, नीट, उदबत्तीचं घर ठेवावं तशी. आणि फळीवरून खाली उतरला.

लोकांना वाटलं, वा, नवीन काढलं. टाळ्या पडल्या. ज्वालासुर सोफ्यापाशी गेला, वाकला, पत्र्याची चार नखं डॉक्टरांच्या खांद्यावर टेकली आणि मोकळा अंगठा त्यांच्या गळ्याच्या खळीत बसला. मुखवट्याच्या आतून बाबांचा आवाज आला. गर्जना असती तर मी इतकी घाबरले नसते. तो त्यांचा रोजचाच आवाज होता, मांजराला सरका म्हणणारा. मान वर करून ऐकावा लागणारा.

“हलवून घेतलं, साहेब,” ते म्हणाले. “तळाशी होतं ते वर आलं.”

पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर हसले, उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. त्यांचे पाय सोफ्याखाली चपला शोधाव्यात तसे हलायला लागले. मी कशी उतरले ते मला आठवत नाही, पण मी सोफ्याशेजारी उभी होते. अप्पांचं वाक्य मला पाठ होतं. ते मला एकदाही आठवलं नाही. माझ्या डोक्यात पक्याच होता: राक्षसाला पाढे येत नाहीत. मी म्हटलं, “बाबा, तेरा साते?”

आसपास लोक हसले. मुखवटा माझ्याकडे वळला. भोकांत डोळे होते, बाबांचे. मिचकावत नव्हते.

“एक्क्याण्णव,” ते म्हणाले.

आणि अंगठा होता तिथेच होता.

माझ्या आयुष्यात मी त्यानंतर पुष्कळ घाबरले आहे. बाळंतपणात, भूकंपात, एकदा घाटात ब्रेक न लागलेल्या गाडीत. तसं कधी नाही. कारण पक्या चुकला होता. दुसरं कुणी आलेलं नव्हतं आणि बाबा झोपले नव्हते. त्यांना मी दिसत होते, त्यांना तेराचा पाढा येत होता, उद्या सकाळी दवाखाना उघडायचा आहे हेही ठाऊक असणार, आणि हे सगळं ठाऊक असून ते दाबत होते. राक्षसातून परत बोलवायला आत कुणीतरी वेगळा लागतो. इथे आत तेच होते. मी कुणाला हाक मारू?

मी म्हटलं, “पुरे, बाबा.”

मुखवटा हलकासा डोलला, ताटावर वाढताना डोलायचा तसाच. मला कळलं काय होणार ते, आणि तेच झालं. अंगठा आणखी एकदा दाबला गेला. पुरेनंतरचा एक. डॉक्टरांच्या तोंडातून बाटलीचं बूच उडाल्यासारखा बारीक आवाज आला आणि त्यांचा चेहरा लाल दिव्यातसुद्धा निराळा लाल दिसायला लागला. त्या एकाच्या पुढे बाबा कधी जात नाहीत हे मला माहीत होतं. पण ते तुपाचं. हे तूप नव्हतं, आणि मला एकावर भरवसा ठेवायची छाती होईना. मी सोफ्याच्या हातावर चढले आणि माझा हात आडवा घातला, डॉक्टरांच्या गळ्यावर, अंगठ्याच्या खाली. तिथे जागाच नव्हती, मला बोटं घुसवावी लागली. डॉक्टरांचा गळा गरम होता, आणि माझ्या बोटांवर बाबांचा अंगठा, पसरट, कोरडा, औषधाच्या वासाचा.

अंगठा थांबला. माझ्या हातावर जरा वेळ टेकून राहिला, भार न देता. मग उचलला गेला.

त्याच क्षणी कॅसेट सुटली. स्पीकरमधून ढमालेमामा जिथे अडकले होते तिथून पुढे गर्जले, ज्वालासुर आहे मी, पृथ्वी हादरवीन, आणि खरा ज्वालासुर सोफ्यासमोर दोन्ही हात बाजूला सोडून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा होता. अप्पांच्या पुतणीने त्याला शांत हो म्हटलं. तो गुडघ्यावर बसला. गल्लीने कानठळ्या बसतील अशा टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर उठले. कॉलर सारखी केली, खाकरले, दोनदा खाकरले. बाबांची नोकरी, आमचं घर, कदाचित पोलीस, सगळं त्यांच्या पुढच्या वाक्यावर टांगलेलं होतं आणि आई गर्दीतून वाट काढत पुढे येत होती. पण डॉक्टर शेवटी पुण्याचे. आपल्या कंपाउंडरने भर गल्लीत आपला गळा धरला हे ते मान्य करतील, तर मग त्यांच्या हयातीचा काय उपयोग. त्यांनी अप्पांच्या हातातला माइक घेतला आणि थोड्या चिरक्या आवाजात जाहीर केलं की हा प्रसंग त्यांनी आणि दामल्यांनी आधीच ठरवला होता, प्रेक्षकांना सहभागी करून घेण्याचा हा एक प्रयोग होता.

घरी आल्यावर बाबांनी मुखवटा खुंटीला लावला नाही. तो कपाटावर उताणा ठेवला. त्या दिवशी आईने वाढलं. बाबा पहिल्याच भातावर म्हणाले, “पुरे.” आईचा हात तिथेच थांबला, तिने एक शीतही जास्त घातलं नाही. मग त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट करून पाहिली. एका बोटावर त्यांच्या नखाची रेघ उठली होती. “घाबरलीस?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “मी घाबरलो. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मला कळणार नाही. सगळं कळत होतं गं.”

आता गंमत अशी, की ठरवलेला प्रसंग म्हटला की तो रोज व्हायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी लोक पेठा ओलांडून आले. राक्षस खाली उतरून डॉक्टरांना धरतो तो देखावा कुठला, असं विचारत आले. अप्पांनी घाईघाईने नवी कॅसेट भरली, बाबांची वाक्यं ढमालेमामांच्या तोंडी घालून. “हलवून घेतलं साहेब” हे त्या आवाजात ऐकताना इतकं हास्यास्पद वाटायचं की त्यातलं सगळं विष गेलं. आणि डॉक्टर आले. काय करतील, न येतील तर काल जे झालं ते काय होतं? विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून ते येऊन सोफ्यावर बसायचे, चेहरा कोरा ठेवून, आणि लाल दिवा लागला की त्यांचे पाय सोफ्याखाली हलायला लागायचे. दवाखान्यात त्यांनी बाबांना पुन्हा काही हलवून घ्यायला सांगितलं नाही. चुकलेली पट्टी दिसली की ते ती मुकाट्याने बाजूला सारत.

माझी भीती मात्र रोजची होती. रोज तोच अंगठा, तोच गळा, आणि आत बाबा जागे. पण दुसऱ्या संध्याकाळी मला एक गोष्ट दिसली आणि ती मी कुणाला सांगितली नाही, अप्पांनाही नाही. धुरातून उडी मारून आलेला ज्वालासुर फळीच्या कडेला येऊन थांबला. कॅसेट पुढे चालली होती, ढमालेमामा खाली उतरल्यासारखे गर्जत होते, पुढचं वाक्य सुटून जात होतं, अप्पा विंगेतून हात नाचवत होते. तो उतरेना. मुखवटा वळवून त्याने मला शोधलं. मी कडेला होते. त्याने मानेने सोफ्याकडे खूण केली. मी खाली उतरले, सोफ्याच्या हातावर चढून उभी राहिले आणि माझा हात डॉक्टरांच्या गळ्यावर आडवा धरला, आधीच. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटी जराशी वर केली, मला नीट जागा मिळावी म्हणून.

तेव्हा कुठे तो खाली उतरला.